पेटीला गाते करणारे गोविंदराव टेंबे





दरवर्षी शाळेतील निरुपयोगी वस्तूंची यादी करून ती विश्वस्त मंडळापुढे ठेवावी लागते. मोडकी बाके, फुटकी फळी, गंजलेली घंटा अशा वस्तू त्या यादीत असतात. यंदा त्या यादीत मी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. जुनी हार्मोनियम, एक नग. भात्यातून हवा गळते, तीन सूर बोलत नाहीत, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला विजेवर चालणारा की-बोर्ड भेट दिला आहे. मग ही पेटी ठेवून जागा कशाला अडवायची, असा माझा सरळ हिशेब होता.

यादी टंकलेखनाला देण्यापूर्वी सातवीतील एक मुलगी कार्यालयात आली. पेटी विकणार आहात का, असे तिने विचारले. हो म्हटल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला. ती दुरुस्त होत नाही म्हणून विकणार, की कुणाला वाजवता येत नाही म्हणून विकणार? या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्या रात्री मी गोविंदराव टेंबे यांचे आत्मचरित्र पुन्हा हाती घेतले. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे मराठीतील अनेक चांगली पुस्तके मी वयाच्या चाळिशीनंतर वाचली. हे त्यांपैकीच एक. दुसऱ्या दिवशी यादीतील ती ओळ मी खोडली. का खोडली, हे सांगण्यासाठी या अंकात गोविंदरावांचे चरित्र देत आहे.

परदेशातून आलेली पाहुणी

प्रथम या वाद्याविषयी थोडेसे. पेटी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती आपल्याच मातीतली वाटते. भजनी मंडळात पेटी, कीर्तनात पेटी, कव्वालीत पेटी. आपल्या भागात तर मराठी अभंगालाही पेटी आणि कन्नड वचनांनाही पेटीच. परंतु हे वाद्य युरोपातून आले. पॅरिस येथील अलेक्झांडर देबें यांनी १८४२ च्या सुमारास हार्मोनियम या नावाने त्याचे हक्क घेतले. ती पेटी टेबलाएवढी मोठी, पायाने भाता मारायची होती. आपण तिला पायपेटी म्हणतो. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून गायचे असल्यामुळे ती लहान करण्याची गरज पडली. कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने भाता मारण्याची पेटी तयार केली आणि ती देशभर पसरली.

पेटीच्या पोटात पितळेच्या लहान लहान पात्या असतात. त्यांना रीड म्हणतात. प्रत्येक पाती एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असते. भात्यातली हवा तिच्या फटीतून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. पाती लांब असेल तर सूर खालचा, आखूड असेल तर वरचा. पेटी सुरात लावणारा कारागीर बारीक कानशीने ही पाती घासतो. मोकळ्या टोकाकडे घासले की सूर चढतो. बसवलेल्या मुळाकडे घासले की सूर उतरतो. एक-दोन हात जास्त पडले की पाती वाया जाते. हे काम डोळ्यांचे नसून कानांचे आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. एक पाती सेकंदाला २४० वेळा आणि तिच्या जोडीची पाती २४२ वेळा थरथरत असेल, तर दोन्ही एकदम वाजवल्यावर सेकंदातून दोनदा हेलकावा ऐकू येतो. कारागीर तो हेलकावा ऐकत घासत जातो. हेलकावा हळू होत होत नाहीसा झाला की दोन सूर एक झाले असे समजायचे.

शिक्षकाशिवाय विद्यार्थी

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळील सांगवडे येथे झाला. त्यांचे बालपण आणि तारुण्य कोल्हापुरात गेले. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे छत्रपती शाहू महाराजांचे कोल्हापूर. कुस्ती, नाटक, चित्रकला, गाणे या सर्वांना तेथे आश्रय होता. देवल क्लब या संस्थेत गाणेबजावणे चाले आणि मोठमोठे कलावंत तेथे येत.

गाण्याला तेव्हा सुशिक्षित घरांत फारशी प्रतिष्ठा नव्हती. त्यात पेटीची स्थिती आणखी अवघड होती. गायनाला घराणी होती, बीन व सतार यांना घराणी होती, तबल्याला घराणी होती. पेटीला घराणे नव्हते, परंपरा नव्हती आणि म्हणून गुरूही नव्हता. नाटक कंपन्यांत पायपेटी किंवा ऑर्गन वाजे, तो मुख्यतः नटाला सूर देण्यापुरता. मैफलीत पेटी घेऊन बसणाऱ्याला खास मान नसे.

अशा वेळी या तरुणाने पेटी निवडली. पेटी त्यांना कुणी शिकवली नाही. ती त्यांनी स्वतःच्या कष्टाने, एकलव्यासारखी साध्य केली. मात्र येथे विद्यार्थ्यांनी घोटाळा करू नये. गुरू नव्हता याचा अर्थ अभ्यास नव्हता असा नाही. वादनाचा गुरू मिळत नाही म्हटल्यावर गोविंदरावांनी गायनाकडे कान लावला. गवई जे गळ्यातून काढतो, ते आपल्या बोटांतून कसे निघेल, हा एकच ध्यास त्यांनी घेतला.

दोन थोर गायकांचा सहवास

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनी. भास्करबुवांशी आपल्या कर्नाटकाचेही नाते आहे, कारण त्यांनी काही काळ धारवाडला संगीताचे अध्यापन केले. लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गाणारे नट होते. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. परंतु ते खचले नाहीत. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि पुढे अल्लादिया खाँ अशा तीन गुरूंकडे त्यांनी कष्टाने विद्या घेतली. गोविंदरावांनी भास्करबुवांना गुरुस्थानी मानले आणि त्यांच्या मैफलींत पेटीची साथ केली.

साथ करणे म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. गवई पुढे काय गाणार हे साथीदाराला माहीत नसते. गवयाची तान निघाली की ती क्षणात ऐकून, समजून, तिच्या मागोमाग जायचे असते. पुढे धावायचे नाही, फार मागेही राहायचे नाही. भास्करबुवांसारख्या गवयाच्या मागे बसून अशी साथ करणे ही गोविंदरावांची पाठशाळा ठरली.

दुसरे दैवत अल्लादिया खाँसाहेब. जयपूर-अत्रौली गायकीचे हे प्रवर्तक १८९५ पासून कोल्हापूर दरबारचे गवई होते. त्यांची गायकी अत्यंत पेचदार. लयीच्या अंगाने वळत वळत जाणारी, मध्येच अनपेक्षित जागी सम गाठणारी. चांगल्या गवयांनाही ती अवघड वाटे. गोविंदरावांनी ती वर्षानुवर्षे ऐकली, मनात साठवली आणि पेटीवर आणण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत पेटीवर गाण्याची चाल वाजत असे. गोविंदरावांच्या हाती पेटीवर ख्याल वाजू लागला. साथीला बसणारी पेटी एकटी, स्वतंत्र मैफल करू लागली. पेटीवादनाला मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतात ते याच कारणाने.

पट्ट्यांच्या मधले सूर

पेटीवर दोन मोठे आक्षेप होते आणि ते खरे होते. पहिला आक्षेप मींडेचा. गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जातो. सतारीची तार ओढता येते. पेटीवर मात्र एक पट्टी सुटते आणि दुसरी दाबली जाते. मधली वाट नाही. जिना आहे, घसरगुंडी नाही.

दुसरा आक्षेप सुरांच्या जागेचा. युरोपीय पद्धतीत सप्तकाचे बारा अगदी समान भाग करतात, म्हणजे कोणत्याही पट्टीतून गाणे सुरू केले तरी अंतरे तीच राहतात. ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत द्यावी लागते. समजा आपला षड्ज २४० आहे. तंबोऱ्यातून सहज ऐकू येणारा शुद्ध गंधार नेमका ३०० असतो. समान भाग केलेल्या पेटीचा गंधार ३०२.४ च्या जवळ येतो. म्हणजे तो थोडा चढा असतो. पंचमात फरक फारच थोडा आहे, ३६० ऐवजी ३५९.६. म्हणून पंचम गोड लागतो आणि गंधार जाणत्या कानाला टोचतो.

हा दोष दूर करण्यासाठी आपल्याच शेजारच्या मुलखात मोठा प्रयत्न झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपने मोजली. त्या कामी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. १९१० मध्ये देवलांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यायाधीश असलेले इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि लंडनच्या मूर या कारागिराकडून श्रुति-हार्मोनियम तयार करवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे मांडली गेली आणि तिच्यावर मोठा वाद झाला. ती घरोघरी पोहोचली नाही. परंतु तो विचार मेला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा तयार केली आहे.

अशी धडपड केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. पेटीची एक चुलत बहीण आहे, अकॉर्डियन. तिलाही अशाच पात्या आणि असाच भाता असतो. १८२९ मध्ये व्हिएन्ना शहरात सिरिल डेमियन यांनी या नावाने तिचे हक्क घेतले. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात केजन नावाचे फ्रेंच बोलणारे लोक राहतात. अठराव्या शतकात इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना कॅनडातील गावांतून हुसकावून लावले होते. या लोकांनी दहा बटणांची जर्मन अकॉर्डियन आपलीशी केली. भाता दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, अशी तिची रचना असते. दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मन वाद्ये मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांच्यातील कारागीर जुन्या वाद्यांवरून नवी वाद्ये घरीच हाताने बनवू लागले. आणि ती सुरात लावताना ते काय करतात? कानशीने गंधाराची पाती घासून तो जरासा उतरवतात, म्हणजे त्यांच्या गाण्याला तो गोड लागतो. हजारो मैलांवरच्या माणसांच्या कानाला तोच गंधार टोचावा आणि त्यांनीही हाती कानसच घ्यावी, हे वाचून मला फार नवल वाटले. अल्पसंख्य भाषेचे हे लोक परक्या वाद्यातून आपले गाणे गातात. आपण सीमाभागातील मंडळी त्यांना चटकन समजू शकतो.

गोविंदरावांच्या पिढीतील पेटीवादकांनी या दोषांवर वेगळा उपाय शोधला. वाद्य बदलण्याऐवजी त्यांनी हात बदलला. भात्याचा दाब कमी-जास्त करून सुराला फुंकर घालायची. एका पट्टीवरून दुसरीकडे जाताना मधल्या सुराला निसटता स्पर्श करायचा. पहिली पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी हळूच दाबायची. मींड खरी नसते, पण ऐकणाऱ्याला तिचा भास होतो. ज्या सुरावर पेटी उघडी पडते, तेथे फार वेळ थांबायचे नाही. आपल्या साधनात काय नाही याचे रडगाणे न गाता, जे आहे त्यातून जास्तीत जास्त काढायचे, हा या वादनाचा मंत्र आहे.

नाटक आणि बोलपट

१९११ हे वर्ष गोविंदरावांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली देण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यापूर्वीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनी चाली आणि कानडी मुलखातील चाली यांचा भरणा असे. गोविंदरावांनी उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी यांचा बाज मराठी पदांत आणला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले होते. तरीही प्रेक्षकांचा हिरमोड होऊ नये म्हणून ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. गोविंदराव तेव्हा तिशीच्या आतले होते. एका रात्रीत त्यांच्या चाली महाराष्ट्राच्या तोंडी झाल्या.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नट टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले. त्या ऐतिहासिक रात्री जी पदे गाजली, त्यांच्या चाली गोविंदरावांच्याच होत्या.

मधल्या काळात, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे गोविंदराव तेथून बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. कंपनी चालवणे हा धंदा निराळा. मुक्काम, भाडे, नटांचे पगार, सीनसीनरी यांचे गणित कलावंताला सहसा जमत नाही. गंधर्व मंडळींची कीर्ती त्यांच्या कंपनीला लाभली नाही. परंतु एक दार बंद झाले म्हणून ते घरी बसले नाहीत.

१९३२ साली ते वयाच्या पन्नाशीत होते. कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्यात दुर्गा खोटे तारामती होत्या आणि राजा हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. बोलपटाचे तंत्र तेव्हा सर्वांनाच नवे होते. पन्नाशीच्या माणसाने एक नवे माध्यम पहिल्या इयत्तेपासून शिकावे, हे माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकाला विशेष भावते. त्यानंतर प्रभातच्या 'माया मच्छिंद्र', 'सिंहगड', 'सैरंध्री' या चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले.

रेडिओवरची बंदी

गोविंदरावांच्या हयातीतच पेटीवर संकट आले. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. मींड निघत नाही, श्रुती नाहीत, भारतीय गाण्याची चव ती बिघडवते, हीच कारणे. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नापसंत होती. गावोगावच्या भजनात, रंगभूमीवर, मैफलीत पेटी वाजत होती आणि रेडिओवर मात्र तिला प्रवेश नव्हता. स्वातंत्र्य आले तरी ही बंदी उठली नाही. १९७० नंतर साथीपुरती सूट मिळाली. एकल वादनाला त्यानंतरही थांबावे लागले.

ज्या वाद्यासाठी जन्म घालवला, त्याला देशातील सर्वांत मोठ्या व्यासपीठाने दार लावले. कलावंताला याहून मोठे दुःख कोणते? ही बंदी उठलेली पाहणे गोविंदरावांच्या नशिबी नव्हते. उत्तरायुष्यात त्यांनी लेखणीचा चांगला उपयोग केला. 'माझा संगीत व्यासंग', 'माझा जीवनविहार', 'कल्पनासंगीत' अशी पुस्तके त्यांनी लिहिली. अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र लिहून त्यांच्या ऋणातून उतराई होण्याचा प्रयत्न केला. ज्या गवयांचे गाणे हवेत विरून गेले, त्यांची आठवण आज आपल्याला या पुस्तकांमुळे आहे. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचे निधन झाले.

बंदी आली आणि गेली, पेटी राहिली. विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर आणि आपल्या बेळगावचे रामभाऊ बिजापुरे अशी मोठी रांग त्यांच्या मागून उभी राहिली. ज्या वाद्याला घराणे नव्हते, त्याला घर मिळाले.

आपल्या शाळेची पेटी

आता पुन्हा आपल्या पेटीकडे येतो. यादीतील ओळ खोडल्यावर मी सोलापूरच्या एका वृद्ध कारागिरास बोलावले. त्यांनी पेटी उघडली. आत धूळ, झुरळांची अंडी आणि एक जुना एक पैशाचा नाणा निघाला. लाकूड उत्तम सागवानी आहे, पात्या जुन्या आणि जाड पितळेच्या आहेत, अशा आता सहजी मिळत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी मला विचारले की तुमची मुले कोणत्या पट्टीत गातात?

मी पांढरी चार असे उत्तर दिले. कारण वर्षानुवर्षे आमची प्रार्थना पांढरी चारमध्येच होते. त्यांनी मुलांना गायला लावा म्हटले, पण पेटीशिवाय. आठवीचा वर्ग बोलावला. सूर न देता मुलांनी प्रार्थना सुरू केली. कारागिराने डोळे मिटून ऐकले आणि तंबोऱ्याच्या यंत्रावर सूर जुळवून दाखवला. मुले काळी एकमध्ये गात होती, बरीच खाली. पांढरी चार ही वाजवणाऱ्या बोटांच्या सोयीची होती, मुलांच्या गळ्याच्या सोयीची नव्हती. वरच्या सुरांवर मोठी मुले गप्प बसतात याबद्दल मी किती वेळा परिपाठात रागावलो आहे. दोष त्यांचा नव्हता. आम्ही कधी ऐकलेच नव्हते.

मित्रहो, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. चाळीस मिनिटांच्या तासात आपण बोलतो किती आणि ऐकतो किती? गोविंदरावांना पेटीचा गुरू नव्हता, पण ऐकण्याचा गुण होता. त्या एका गुणावर त्यांनी गुरूची उणीव भरून काढली. आपली शाळा मराठी, मुलांच्या गल्लीची भाषा कन्नड किंवा दखनी उर्दू, बँकेतली इंग्रजी, माझी स्वतःची शाळेची भाषा हिंदी. इतक्या सुरांच्या मधोमध वाढणाऱ्या मुलाला आपला षड्ज कोणता हे कुणीतरी शांतपणे ऐकून सांगावे लागते. ते काम शिक्षकाचे आहे आणि पालकांचेही आहे.

सुरांचे हे मिश्रण आपल्या भागाला नवे नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी-उर्दूत पदे रचली. निजामी राजवट गेली, १९५६ ची भाषावार प्रांतरचना झाली, जिल्ह्याचे नाव गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले. तरी सायंकाळी भजन बसले की भाषा कोणतीही असो, मध्यभागी पेटीच असते.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे की दुरुस्तीच्या खर्चास येत्या बैठकीत मंजुरी द्यावी. भाता नवीन घालावा लागेल, कमानी बदलाव्या लागतील आणि सर्व सूर पुन्हा लावावे लागतील. की-बोर्डही राहील, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु की-बोर्डाचा सूर कारखान्यात ठरलेला असतो. पेटीचा सूर कसा लावतात हे मुलांना समोर बसून पाहता येईल. कारागीर काम करतील तेव्हा सातवी ते नववीच्या मुलांना गटागटाने तेथे बसवण्याचा माझा विचार आहे. कानशीने पाती घासताना तो हेलकावा हळू हळू कसा विरतो, हे त्यांनी स्वतः ऐकावे.

पालकांनाही एक विनंती. आपल्या घरी आजोबा-आजी किंवा भजनी मंडळातील कुणी पेटी वाजवत असतील तर शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास मुलांना द्यावा. मानधन देण्याची आमची ऐपत नाही, चहा मात्र नक्की मिळेल.

आणि ज्या मुलीने तो प्रश्न विचारला, तिला माझे उत्तर असे आहे. पेटी दुरुस्त होते. वाजवता येत नाही, हे खरे आहे, पण शिकता येते. मी स्वतः शिकायला बसणार आहे. बोटे ताठ झाली आहेत, तेव्हा मुलांनी हसू नये.

या शैक्षणिक वर्षापासून आपल्या शाळेची प्रार्थना काळी एकमध्ये होईल.

आपला,
मुख्याध्यापक